उत्तराची वाट बघणाऱ्या बाई

त्रेपन्न साली माझी धाकटी बहीण ठाण्याला वेड्यांच्या इस्पितळात होती. दर रविवारी मी डोंबिवलीहून तिला भेटायला जायचो. तिच्या वॉर्डातल्या नर्सबाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. ठेंगण्या, चालायच्या भरभर, बोलायच्या मात्र सावकाश. वॉर्डाची कुलपं नुकतीच निघाली होती, पण इतर नर्सांची बोली जुनीच होती, "ए, ऊठ, चल." ह्या बाई मात्र प्रत्येकीला अहो-जाहो करायच्या. "अहो, केस विंचरू का?" असं विचारून फणी घेऊन उभ्या राहायच्या. उत्तर आलं नाही, तर निघून जायच्या.

एकदा मी वैतागून म्हटलं, "बाई, ती कुणाशी बोलतच नाही. विंचरून टाका ना!"

"आजवर सगळं न विचारताच झालंय हो त्यांचं," त्या म्हणाल्या.

दिवाळीआधीच्या रविवारी त्यांनी पुन्हा विचारलं. बहिणीनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला अहो काय म्हणता? तुमच्या मुलीएवढी आहे मी."

वर्षभरात आम्ही तिचा आवाज ऐकला नव्हता. नर्सबाई शांतपणे तिच्या मागे बसल्या.

"बरं, मग सांग. एक वेणी घालू की दोन?"

"दोन," ती म्हणाली.