बाबांचं हँडओव्हर

सहावीत इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर ‘हँड ओव्हर’चा अर्थ लिहिला: सुपूर्द करणे. मी हात वर करून म्हणाले, "बाई, एवढंच नाही. समोरचा ‘घेतलं’ म्हणेपर्यंत ते होत नाही." आगाऊपणाबद्दल मला तासभर उभं राहावं लागलं.

माझं हे इंग्रजी घरचं होतं. बाबा चिंचवडच्या एका कंपनीत लेथवर होते. पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हा त्यांचा नेम. तो आला की आवाज कसा येतोय, कुठं गरम होतंय, सगळं सांगायचं. त्यानं "घेतलं, भाऊ" म्हटलं की मगच डबा उचलायचा.

तेच त्यांनी घरीही आणलं. दुपारपाळीला निघताना दारात उभं राहून मला सांगायचे, "दूध तापवलंय. गॅस बंद हाय. आई झोपलीय, डोकं दुखतंय तिचं." मी अभ्यासाचं सोंग घेऊन गप्प बसले, की बूट घालून तसेच थांबायचे. कंपनीची बस चुकायची वेळ आली तरी हलायचे नाहीत. शेवटी मी ओरडायचे, "घेतलं हो, घेतलं!" किती वैतागायचे मी! आता वाटतं, तशी एक दुपार पुन्हा मिळावी.

पुढे मीही महाळुंग्याला एका कंपनीत लागले. आमचं हँडओव्हर टॅबवर. बोट टेकवलं की झालं. बाबांना कौतुकानं दाखवलं तर म्हणाले, "ह्याला तोंड कुठंय?"

गेल्या वर्षी आई सांगवीच्या एका दवाखान्यात होती. दिवसा बाबा थांबायचे, पाच वाजता मी. त्या दिवशी चाकणच्या चौकात गाड्या तुंबल्या आणि मला तासभर उशीर झाला. पोचले तेव्हा बाबा कॉटच्या कठड्यावर हात ठेवून उभे होते. मागं स्टूल रिकामंच.

"कधीपासून बसा म्हणतेय," नर्स हळूच म्हणाली, "ऐकतच नाहीत."

मला पाहून त्यांनी सुरुवात केली. "चारला ताप उतरला. साडेचारला दोन चमचे पेज घेतली. तुझं विचारलं. पाचला..."

पुढचं त्यांना सांगता येईना. मी आईचा हात धरला. तो गार पडला होता. मला हंबरडा फोडावासा वाटत होता, पण आधी म्हणाले, "घेतलं, बाबा."

तेव्हा कुठे ते स्टुलावर बसले.