तिसरा भाग कुणाचा

स्वैनुंग मेला तेव्हाही रुसलेलाच होता. मी त्याची शेजारीण. त्याचा रुसवा मी त्याच्या तोंडाइतकाच रोज पाहत आले.

तो लाकडी नावा दुरुस्त करायचा, आणि तरुणपणी आस्लाकबरोबर लग्नांत फिडल वाजवायचा. टेलेमार्कच्या आमच्या खोऱ्यात या जोडीशिवाय नवरी चर्चला निघत नसे. आमच्याकडे वादक आधी सांगतो, ही चाल अमक्याकडून आली, आणि मगच गज टेकवतो. नाव गाळणारा आमच्या लेखी चोरच.

एक चाल दोघांनी मिळून बांधली. पहिले दोन भाग आस्लाकचे, तिसरा, खर्जातला, स्वैनुंगचा. खरं तर लोक त्या तिसऱ्यासाठीच थांबायचे. पुढे आस्लाकला एकट्याला रेडिओचं बोलावणं आलं. स्वैनुंग केस विंचरून आमच्या स्वयंपाकघरात ऐकायला बसला. आस्लाक म्हणाला, "ही चाल माझ्या आजोबांकडून," आणि वाजवायला लागला.

"जुनी म्हटलं की लोक माना डोलावतात रे," नंतर आस्लाकने त्याला सांगितलं.

"तुझ्या आजोबाला धड शीळ घालता येत नव्हती," स्वैनुंग म्हणाला. "चाल ठेव तुला. तिसऱ्या भागाला फक्त माझं नाव घे."

"एवढ्याशा तुकड्यासाठी?" आस्लाक हसला. ते हसणं स्वैनुंगला जन्मभर पुरलं.

त्याच दिवशी त्याने आपल्या फिडलच्या तारा ढिल्या करून ती भिंतीला टांगली. वरच्या तारा सोडल्या, त्यांच्या खालच्याही सोडल्या. खालच्या तारांना कुणी हात लावत नाही, जवळ सूर लागला की त्या आपोआप गुणगुणतात. आस्लाकच्या सुराला त्याला तेवढीही साथ द्यायची नव्हती.

दफन झाल्यावर आम्ही स्वैनुंगच्या घरी कॉफीला जमलो. आस्लाक फिडल घेऊन आला. स्वैनुंगच्या बायकोने, गुन्वोरने, त्यालाही कप दिला. आस्लाक वाजवायला उभा राहिला आणि सवयीने म्हणाला, "माझ्या आजोबांकडून." आज तरी, मेल्या, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

तिसरा भाग सुरू झाला तशी भिंतीवरची फिडल गुणगुणू लागली. कुणी दचकलं नाही, फिडल गुणगुणतेच. गुन्वोर माझ्या कानाशी लागली. "अगं, तिच्या तारा ढिल्या आहेत. सकाळीच धूळ पुसलीय मी." मी कप खाली ठेवून भिंतीकडे पाहिलं.

आस्लाकने गज उचलला. गुणगुण थांबली नाही. तिसरा भाग एकटाच पुढे चालला, हळू, स्वैनुंग वाजवायचा तसा. आस्लाकने भिंतीशी जाऊन तारेला बोट लावलं. तार लोंबत होती.

"काय हवंय याला?"

"तुला ठाऊक आहे," गुन्वोर म्हणाली.

"तिसरा भाग," तो भिंतीला म्हणाला, "स्वैनुंगचा."

आवाज तिथेच तुटला.

आता खोऱ्यात सगळे दोन्ही नावं घेऊनच ती चाल वाजवतात. आस्लाक मात्र दर शनिवारी दुपारी गुन्वोरकडे येतो, भिंतीसमोर उभा राहतो आणि मुद्दाम म्हणतो, "माझ्या आजोबांकडून." तिसऱ्या भागाशी आला की गज उचलून धरतो आणि कान देऊन थांबतो. परवा मीही होते. कॉफी निवली, तरी गज खाली येईना.

"पुरे आता," गुन्वोर त्याला म्हणाली. "नाव मिळालं त्याला. आता तो कशाला येईल?"