जबल शम्सचं हिम आणि आमचा मेन स्विच

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, ओमानच्या अल खौद भागातल्या आमच्या फ्लॅटच्या फ्रीजरमध्ये एक अमानवीय घटना घडली आहे. हसू नये. हातातला चहा बाजूला ठेवावा.

मी सिव्हिल इंजिनीअर. एकवीस वर्षं ओमानमध्ये काढली. भुताखेतांच्या गोष्टी सांगून पाहुण्यांना घाबरवायला मला मनापासून आवडतं, पण स्वतःचा विश्वास म्हणाल तर काडीचा नाही. म्हणजे... नव्हता.

आमची केतकी नॉर्वेत हिम आणि हवामान या विषयात एम.एस्सी. करते. स्कीवरून मैलोन्‌मैल जायचं, बर्फात खड्डे खणायचे, थराथराचे नमुने घ्यायचे — असा तो अभ्यास. मार्चमधल्या मोठ्या मोहिमेत एकच जागा उरली होती. प्रोफेसरांच्या अटी दोन: अंगात दम हवा आणि स्वतःचा प्रकल्प हवा. दमासाठी ही सुट्टीतसुद्धा रोज सकाळी चाकांच्या स्की घालून, काठ्या टेकत, अल खौदच्या रस्त्यावरून सुसाट सुटायची. आणि प्रकल्प? वाळवंटातल्या डोंगरावर पडणाऱ्या हिमातली धूळ!

"आणि पडलंच नाही तर?" मी विचारलं.

"तर जागा गेली, बाबा."

जानेवारीत एका रात्री थंडी कडाडली आणि जबल शम्सच्या डोंगरावर हिम पडलं की हो! आम्ही तिघं फोर-व्हील घेऊन निझवामार्गे वर. खडीवर जेमतेम चार बोटं पांढरा थर. केतकीनं सीलबंद पिशव्यांत नमुने भरले, तापमान नोंदवणारं बटणाएवढं यंत्र आत टाकलं आणि मग राहवेना म्हणून जुन्या स्की चढवून वीस पावलं चाललीसुद्धा. खाली खडी खरखरतेय, आणि पायघोळ दिशदाशा घातलेले एक ओमानी आजोबा मोबाइल रोखून ओरडताहेत, "यल्ला, यल्ला!" — म्हणजे चल, चल! माझी छाती फुगून जॅकेटची चेन अडकली.

नमुने नॉर्वेला नेणारी थंड पेटी रविवारी मिळणार होती. तोवर पिशव्या आमच्या फ्रीजरमध्ये, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. गुरुवारी दुपारी आम्ही मेव्हणीकडे सहम गावी गेलो. निघताना मी पुण्यातल्या घरात लागलेल्या सवयीनं गॅस बघितला, नळ बघितले आणि मेन स्विच बंद केला.

हो. मीच.

शनिवारी दुपारी परतलो. दार उघडताच असा वास आला की मंजिरी — आमची सौभाग्यवती — जागीच थबकली. "अहो, मेन बंद केलात?"

मी चपला न काढताच स्वयंपाकघराकडे धावलो.

फ्रीजर उघडला. सुरमईनं प्राण दुसऱ्यांदा सोडला होता. मटार पाण्यात पोहत होते. बर्फाच्या ट्रेमध्ये कोमट पाणी. केतकी पांढरीफटक. तिनं श्रीखंडाचा डबा उघडला...

पिशव्या कोरड्या. हिम भुरभुरीत, कणन्‌कण सुटा, डोंगरावर होतं तसं. वितळून पुन्हा गोठलं असतं तर एक घट्ट गोळा झाला असता. आणि गोठणार तरी कशात? वीज कुठे होती? तिनं ते बटण लॅपटॉपला लावलं. दोन दिवसांची रेघ सरळच्या सरळ, उणे अठरावर.

मी धावत रफीकभाईंना आणलं. इलेक्ट्रिशियन, रत्नागिरीचे. त्यांनी बोर्ड उघडला, तारा तपासल्या. "दादानू, फ्रीजला वेगळी लाइन नाय. मेन बंद, म्हणजे खलास."

"मग हे काय?"

रफीकभाईंनी डब्यात डोकावून पाहिलं, मागे सरकले आणि म्हणाले, "ता माझ्या कामात येत नाय."

मी हळूच केतकीच्या कानात म्हणालो, "मेन स्विचचं सांगायलाच हवं का?"

"बाबा! दोन दिवस वीज नव्हती हे लपवलं, तर तो नमुना नाही, थाप झाली."

"थापा हा यांचा विषय आहे," मंजिरी म्हणाली.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल. केतकीनं सगळं खरं सांगितलं — स्विच, मटार, कोमट पाणी, सगळं. फोटो दाखवले, रेघ दाखवली. प्रोफेसरांनी ती रेघ दोनदा मोठी करून पाहिली. मग ते सावकाश म्हणाले की, हे का घडलं ते मला माहीत नाही, तुलाही नाही, आणि तू तसं स्पष्ट सांगितलंस. यंत्राची आम्ही इथे फेरतपासणी करू. पण स्वतःच्या नमुन्याविरुद्ध बोलणारी मुलगी मला मोहिमेत हवी आहे. मार्चमध्ये ये, स्की घेऊन ये.

केतकीनं घर दणाणून सोडलं! मी सोफ्यावर चढून नाचलो, वय विसरून.

पुढे यंत्राची तपासणी झाली; ते ठणठणीत होतं. हिमाचे कणही ताजे होते. स्पष्टीकरण आजतागायत ना नॉर्वेकडे आहे, ना रत्नागिरीकडे, ना माझ्याकडे.

पण त्या संध्याकाळी, कॉल अजून चालू, प्रोफेसर पडद्यावर हसताहेत, केतकीच्या डोळ्यांत पाणी... आणि मंजिरी मागून एकदम म्हणाली, "अहो, पण मग आमच्या सुरमईनं काय घोडं मारलं होतं?"