दीर्घायुषी प्लग

मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात जळगावच्या हवेला दालमिलमधल्या तुरीचा उबदार, किंचित मातकट गंध असतो. त्या गंधातून मी आमची जुनी गाडी सावकाश हाकत होते आणि ती उचकी लागल्यासारखी पुन्हापुन्हा अडखळत होती. शेजारी माझे यजमान खिडकीबाहेर पाहत बसले होते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी देऊन महिने लोटले, तरी त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. ज्यांनी मला सातपुड्यातले वळणन्‌वळण हौसेने दाखवले, त्यांचे जग आता भडगावच्या आमच्या अंगणापाशी येऊन थांबले होते.

स्पार्क प्लग झिजलेत, असे मेकॅनिकने सांगितले. शेजारच्या दुकानदाराने दोन प्रकारचे प्लग काचेवर मांडले. "हे साधे, लवकर बदलावे लागतील. हे इरिडियमचे, वर्षानुवर्षं जातील. गाडी किती फिरवणार त्यावर ठरवा, नाना."

हे ओठांपुरते हसले. "साधेच द्या," म्हणाले आणि माझ्याकडे वळून घरच्या अहिराणीत पुटपुटले, "आते कोठे जानं शे आपले?"

त्या स्वरात तक्रार नव्हती, आवराआवर होती. आणि तिचीच मला भीती वाटली.

"इरिडियमचेच द्या भाऊ," मी म्हणाले. "आम्हाला खूप फिरायचंय."

यांनी माझ्याकडे पाहिले. मग एक प्लग उचलून उजेडात धरला, त्याचे सुईसारखे नाजूक टोक बराच वेळ न्याहाळले, आणि म्हणाले, "बरं."

प्लग बसले, इंजिनाचा श्वास एकसारखा झाला. मी दार उघडणार, तोच यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मी किल्ली दिली आणि पलीकडच्या दाराने आत जाऊन बसले.

दोन्ही बाजूंनी केळीची हिरवी पाने उन्हात लकाकत मागे सरत होती. भडगाव आले. घराकडचे वळण आले, आणि मागे पडले.

"धुळ्याला अक्काकडे जाऊन येऊ," समोर पाहतच हे म्हणाले. "फोन लाव. कळण्याची भाकरी करायला सांग."

गाडीसाठी ते 'बरं' म्हणाले होते की माझ्यासाठी, कुणास ठाऊक. फोन हातात घेऊन मी तशीच बसून राहिले, त्यांच्या बाजूने येणारे ऊन अंगावर घेत.