जे. पी. नगरातला दरबार

मोकळा बसलेला माणूस दिसला की अक्कांना राहवत नसे. "बसलीस का गं? ये, हे धर," म्हणून त्या हातात काहीतरी देतच, कोथिंबिरीची जुडी, लोकरीचा गुंडा, नाहीतर शेजारचं बाळ. नव्वदच्या दशकात पुण्याहून इकडे कन्नड मुलखात नोकरीला आले तेव्हा मी जे. पी. नगरात त्यांच्या वरच्या खोलीत राहायचे. अक्का मूळच्या निपाणीच्या. एरवी मराठी, रागावल्या की कन्नड.

समोरच्या डॉक्टरांकडे भिंतभर तैलचित्र होतं. एकोणिसाव्या शतकात कुण्या युरोपियन चित्रकाराने रंगवलेला आपल्याकडचा राजदरबार: मखमल, मोरचेलं, हात उंचावलेली नर्तकी, आणि एवढ्या थाटात उदास बसलेला राजा. डॉक्टरांच्या पत्नीचं ते लाडकं चित्र. त्या गेल्यापासून डॉक्टर घराबाहेर पडत नव्हते, आणि आता त्यांनी ते विकलंही होतं. गणपती झाले की नेणार होते.

ऐकताच अक्का ओरडल्या, "यंदा गणपतीपुढं हाच दरबार! जिवंत माणसांचा!"

मग काय धमाल! गल्लीभरचे पडदे उतरले, चमकीच्या कागदाचे हार झाले. राजा व्हायला सगळेच तयार. अक्का मात्र मला घेऊन थेट डॉक्टरांकडे गेल्या.

"राजा तुम्ही."

"मला नाही जमणार, अक्का."

"जमायचं काय त्यात? नुसतं उदास बसायचं. वर्षभर तेच करायलाय की!"

डॉक्टरांनी भिंतीवरच्या राजाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "सरी, बसतो."

पडदा उघडला. सिंहासनावर डॉक्टर, पुढे हात उंचावून मी, मागे मोरचेल घेऊन अक्का. सगळे चिडीचूप. तेवढ्यात एक पोरगी किंचाळली, "डॉक्टरअज्जा!" राजाची मिशी थरथरली.

"स्वल्प उदास व्हा, डॉक्टर!" अक्का दातांतल्या दातांत पुटपुटल्या.

झालं! डॉक्टर असे हसत सुटले की सिंहासन हललं, मिशी मांडीवर पडली, मंडप टाळ्यांनी दणाणला. लोकांनी पुन्हा पुन्हा पडदा उघडायला लावला.

विसर्जनानंतर एका सकाळी चित्राचा टेम्पो निघाला तेव्हा आम्ही तिघं गेटपाशी होतो. डॉक्टरांचे डोळे भरले.

"जाऊ दे हो," अक्का म्हणाल्या. "आपण आत जाऊन आलो की त्यात!"

टेम्पो वळणाआड गेला. डॉक्टरांनी चष्मा पुसला. "पुढच्या वर्षी राजा नको, अक्का. मला ती नाचणारी करा."

अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. आठवतात त्या टेम्पो गेला त्याच सकाळच्या: गेटला टेकून, तोंडाला पदर लावून, हसू आवरत नसलेल्या.