थेंब कोण घालणार?

आमच्या डोळ्यांत धूळ साठली तरी कळत नाही राव. किस्सेही तसेच साठलेत! दापोडीजवळच्या आमच्या वसाहतीत सगळे कुष्ठरोगातून बरे झालेले. रोग गेला, पण जाताना नसा घेऊन गेला. बोटांना चटका कळत नाही आणि पापण्या नीट मिटत नाहीत. मग संध्याकाळी कट्ट्यावर बसून हसायचं नाही तर काय, रडायचं?

*

दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "पापणी आपोआप लवत नाही ना? मग आठवणीनं मिटा. रस्त्यात बस दिसली की डोळे गच्च!"

आमचा गोपाळभाऊ भारी आज्ञाधारक. भोसरीला जायला स्टॉपवर उभा, आणि बस आली की डोळे गच्च! दोन बस गेल्या. तिसरीला मी ओरडलो, "अरे, चढ की!"

तर म्हणतो, "थांब, व्यायाम चाललाय!"

*

मी चऱ्होलीला एका सोसायटीत वॉचमन होतो. जेवून खुर्चीत डुलकी लागली तरी माझे डोळे उघडेच. सुपरवायझर इतरांना सांगायचा, "याच्याकडून शिका! पापणी लवत नाही पठ्ठ्याची!"

असा झोपेत उघडा राहून राहूनच डावा डोळा सुकला आणि गेला. त्याचा राग अजून आहे मला. आता झोपताना डोळ्यांवर फडकं बांधतो. बायको म्हणते, "आत्ता कुठं माणसासारखे झोपता!"

*

शेवंताअक्का एकटी राहते. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. एकदा तवा दिसला नाही, तर त्यावरच हात टेकून माझ्याशी गप्पा मारत बसली! मी हात ओढला, तर विचारते, "भाकरी करपली का रं?"

त्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही.

*

तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू, पण नंतर थेंब कोण घालणार?"

"मी हाय की!"

डॉक्टरांनी तिची झिजलेली बोटं पाहिली. "आम्ही घालतो," आम्ही म्हणालो. मग त्यांनी आमचेही हात पाहिले!

"आजी, आधी आश्रमात भरती व्हा. तिथं काळजी घेतील, मग बघू."

"माझी चूल सोडून? न्हाई!" अक्का उठलीच.

कट्ट्यावर सराव सुरू झाला. साध्या पाण्याची बाटली दोन तळव्यांत धरायची आणि मान मागे. थेंब पडला तरी डोळ्याला कळत नाही, म्हणून आम्ही पंच.

"कुठं पडला?"

"गालावर!"

"आता?"

"नाकात!"

"ऱ्हाऊ दे, सर्दी हायच!"

शेवटी बाटली कपाळाला टेकवून नेम बसला. अक्का परत गेली आणि तिनं डॉक्टरांच्या समोरच डोळ्यात थेंब टाकून दाखवला. डॉक्टर हसले आणि त्यांनी ऑपरेशनची तारीख दिली.

*

पट्टी सोडली तेव्हा आम्ही सगळे दारात. डॉक्टरांनी हात वर केला.

"आजी, किती बोटं दिसतात?"

"तीन!"

"शाब्बास!"

अक्कानं आपले दोन्ही हात त्यांच्या तोंडापुढं धरले.

"आता तुमी माझी मोजा!"