तीन वेली आणि सोनवणे सर

सोनवणे सर लग्नाला गेले की मांडवाच्या दारातच अडकायचे. तिथे बांधलेल्या आंब्याच्या डहाळीचं एखादं पान ते पालथं करत, खिशातून भिंग काढत आणि मागे माणसं खोळंबली आहेत हे साफ विसरत. एकदा नाशकातल्या एका कार्यक्रमात त्यांना व्यासपीठावर पुष्पगुच्छ मिळाला. पाहुण्यांचं भाषण रंगलं होतं आणि सर गुच्छातल्या पानांच्या मागच्या बाजू तपासत बसले होते. खाली उतरल्यावर मला म्हणाले, "ताई, हा गुच्छ कुठल्या दुकानातून आणलाय ते जरा विचारून ठेवा. पानांवर पिठ्या ढेकणाची कीड आहे." त्यांचा सत्कार कशाबद्दल झाला, हे त्यांनी घरी सांगितलं की नाही कोण जाणे.

मी त्यांच्या हाताखाली पाच वर्षं काढली. आमचं काम काय, हे माझ्या सासरच्यांना अजून नीट कळलेलं नाही. परदेशातून द्राक्षाच्या नव्या जातीच्या काड्या आणल्या तर त्या थेट शेतात लावता येत नाहीत. बारीक जाळीच्या बंदिस्त घरात, बाकी बागांपासून लांब, ठराविक मुदतीपर्यंत वाढवाव्या लागतात. आम्ही अधूनमधून जाऊन तपासायचं. मुदत संपेपर्यंत रोग-कीड दिसली नाही तर रोपं मोकळी करायची, दिसली तर नष्ट करायची. शेतकऱ्याला वाटतं आम्ही अडवणूक करतो. वरच्यांना वाटतं आम्ही वेळ लावतो. सरांना वाटायचं, आपण दोन माणसं आणि एक भिंग घेऊन अख्ख्या जिल्ह्याच्या दारात उभे आहोत, आणि पाय दुखताहेत.

"रोग चालत येत नाही, ताई," ते म्हणायचे. "त्याला आपणच गाडीत बसवून आणतो."

हे त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. सर सटाण्याकडचे. कॉलेजात असताना वडिलांबरोबर टेम्पोतून डाळिंबाची रोपं आणायला ते गेले होते. वाऱ्याने रोपं मोडू नयेत म्हणून परतीच्या वाटेवर मागे बसून त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. रोपं दिसायला हिरवीगार होती. बाग फळावर आली आणि तेल्या उमटला. फळांवर काळे तेलकट डाग, मग तडे. शेजारच्या बागेतही पसरला, त्याच्या पलीकडेही. वडिलांनी बाग काढली. तेल्या यांच्याच बागेतून आला, असं शेजारी तोंडावर कधी बोलले नाहीत. सर म्हणायचे, "बोलले असते तर बरं झालं असतं."

दिंडोरीकडच्या नानांची गोष्ट माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षातली. नाना म्हणजे तालेवार बागायतदार, पण बोलायला साधे. गावातल्या दहा-बारा जणांना एकत्र करून त्यांनी नव्या जातीच्या काड्या मागवल्या. परवाना, कागदपत्रं, तपासण्या यांत दोन वर्षं गेली. जाळीघर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं. आम्ही गेलो की दाराशी ठेवलेल्या औषधाच्या पाण्यात बूट बुडवायची आठवण तेच करून द्यायचे. असा माणूस आम्हाला पुन्हा भेटला नाही.

मुदत संपायला दोन महिने राहिले होते. तिसऱ्या ओळीत सर थांबले. तीन वेलींची खालची पानं लालसर झाली होती, शिरा तेवढ्या हिरव्या, आणि कडा खाली वळलेल्या. सरांनी पान पालथं केलं आणि भिंग लावलं.

"पोटॅश कमी पडलं असंल, साहेब," नाना म्हणाले.

"असू शकतं," सर म्हणाले. "नमुना पाठवू."

मग ते जाळीच्या कडेकडेने चालत गेले. मागच्या कोपऱ्यात, पाइपाला बांधलेली जाळी बोटभर उसवली होती. तिथल्या वेलींच्या सालीखाली पिठ्या ढेकूण होता. पान वळवणारा विषाणू एका वेलीवरून दुसऱ्या वेलीवर नेणारा हाच किडा. सर खाली बसले ते पटकन उठलेच नाहीत. मी हात दिला.

अहवाल आला. तिन्ही वेलींत विषाणू होता. बाकीच्यांतून घेतलेले नमुने स्वच्छ होते. पण विषाणू अंगात शिरल्यावर लगेच सापडतोच असं नाही, हे सरांना माहीत होतं, आणि किडा तर जाळीभर फिरला होता.

नाना ऑफिसात आले. बरोबर कोणाला आणलं नव्हतं. "तीन उपटा, साहेब. पाहिजे तर ती ओळ काढा. बाकीचा माल चांगला हाय, तुमच्याच कागदात लिहिलंय."

"कागदात लिहिलंय की आज सापडला नाही."

"मग उद्याचं भय धरून आज जाळायचं का?"

दुपारी वरून फोन आला. मी समोरच बसले होते. सर "हो, हो" करत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, मुदत वाढवून बघता आली असती, पण जाळी फाटलेली आहे. आणि आजूबाजूला सगळी द्राक्षंच आहेत. तुम्हाला तीनच वेली लिहून हव्या असतील तर तसा लेखी आदेश द्या." लेखी आदेश आला नाही. असले आदेश कोणी लेखी देत नाही.

सगळ्या वेली नष्ट करायच्या दिवशी नानांची माणसं कामाला आलीच नाहीत. सर्वांनी अंग काढून घेतलं होतं. सरांनी ड्रायव्हरकडून कुदळ मागून घेतली आणि स्वतः खणायला लागले. मी आणि ड्रायव्हर वेली ओढून खड्ड्याकडे नेत होतो. अर्ध्या ओळी झाल्यावर नाना आले, बाजूला उभे राहिले, आणि मग त्यांनीही कुदळ घेतली. ओल्या वेली लवकर पेटेनात. धूर डोळ्यांत जात होता, त्यामुळे कोण रडतंय हे कळायला मार्ग नव्हता.

परतताना गाडीत सरांनी डोळे मिटले. घरच्या अहिराणी बोलीत, जी ते ऑफिसात कधी बोलत नसत, म्हणाले, "थकी गऊ, ताई." थकून गेलो.

पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली. कारण कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. निवृत्त होऊन ते सटाण्याला गेले तेव्हा निरोप समारंभही तिकडच्या ऑफिसात, अनोळखी माणसांत झाला.

मागच्या वर्षी मी त्यांना भेटायला गेले. हृदयाचं दुखणं होतं, जिना चढायची बंदी होती. निघताना मी इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारलं. "सर, तीनच काढायला हव्या होत्या असं कधी वाटतं का?"

"रोज वाटतं," ते म्हणाले. "तीनच काढल्या असत्या तर शेजारच्या बागांचं काय होईल, हे रोज वाटलं असतं. त्यापेक्षा हे सोसवतं. तुम्ही आता असल्या अहवालांवर सही करता ना? मग तुम्हालाही वाटेल. कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो."

दोन महिन्यांनी ते गेले. मी दहाव्याला गेले तर गर्दीत नाना दिसले. दिंडोरीहून एवढ्या लांब, मोटारसायकलवर आले होते. मला ओळखून जवळ आले.

"तुमच्या भागात तो रोग अजून कुठे नाही, नाना," मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून नाही, खरंच सांगावंसं वाटलं.

"नाहीच हाय," ते म्हणाले. "त्या दिवशी बाकीच्या येलींमधी होता का नव्हता, देवाला ठाऊक. माझी तीन वर्षं गेली ती गेलीच. पण नवीन काड्या मागवायच्या चाललंय आमचं. तपासायला तुम्हीच येणार ना? दुसरं कोणी पाठवू नका."

मी हो म्हणाले. नव्या काड्यांसाठीचा नानांचा अर्ज आता माझ्या टेबलावर आहे.